फुलांना एकटे सोडू नये

पेंटरआजोबांना बागेत नेलं तर ते झाडं बघत नसत, बोर्ड बघत. शहरातल्या एकूण एक बागेतला एकूण एक बोर्ड त्यांच्या हातचा. 'गवतावर चालू नये', 'कुत्र्यांना आत आणू नये', 'झोपाळ्यावर उभे राहू नये'. शहराने काय काय करू नये हे या माणसाने तीस वर्षं पिवळ्या पत्र्यावर काळ्या ऑइलपेंटने बजावून सांगितलं. आणि गंमत बघा, घरात त्यांचं कुणी म्हणून ऐकत नसे.

घर म्हणजे ते, त्यांची मुलगी आणि तिची दोन पोरं. जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने पाण्यात. मुलगी बेकरीत पाव भाजायला जायची. सगळं जग रविवारी सुट्टी घेतं आणि सुट्टी घेतली की पाव खातं, त्यामुळे बेकरीत रविवारी मरणाचं काम. पहाटे गेलेली मुलगी दुपारी तीनला परत यायची. तोवर पोरं आजोबांच्या ताब्यात.

पोरं कसली, तोफखाना! थोरली साडेसहा वर्षांची, नुकतीच अक्षरं जुळवून वाचायला लागली होती, म्हणजे घरादाराला ताप. औषधाच्या बाटल्या, बसची तिकिटं, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, जे दिसेल ते मोठ्याने वाचायचं. धाकटा चार वर्षांचा. तो बोलायचा कमी आणि पळायचा जास्त. आजोबा दर रविवारी पिशवीत पाण्याची बाटली, दोन टोप्या, एक पंचा आणि धाकट्याची जादा चड्डी भरायचे आणि बस पकडून एकेक बाग गाठायचे. कधी टेकडीवरची, कधी स्टेशनाशेजारची एकाच झोपाळ्याची, पण बहुतेक वेळा तळ्याची. पोरांना घसरगुंडी खुणावत असायची आणि हे त्यांना बोर्डापुढे उभं करून म्हणायचे, "बघ, हा 'त्र' बघ. असा 'त्र' आता कोण काढतं?" धाकटा तोवर पसार झालेला असायचा.

तर असं सगळं छान चाललेलं. फक्त एक गोष्ट आजोबांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकला होता. रंग कळायचे, आकार कळायचे, माणूस आहे की खांब आहे हे तो हलला की कळायचं. बाकी सगळीकडे दुधाची साय. पण मान्य करतील तर ते पेंटर कसले! चहात मीठ पडलं तर तोच चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन "आज जरा वेगळा केला" म्हणायचे. धाकट्याला एकदा दोन्ही पायांत डावे बूट घालून अख्खी टेकडी फिरवून आणला. मुलगी म्हणाली, "बाबा, डोळे दाखवा." तर हे म्हणाले, "दाखवतो की. हे बघ, दोन आहेत."

"ऑपरेशन पंधरा मिनिटांचं असतं."

"डोळा म्हणजे काय पत्रा आहे, खरवडायचा आणि परत रंगवायचा?"

पण डाव्या बुटांच्या दिवशी मुलगी ओरडली नाही. ती ओरडली की आजोबांना बरं वाटायचं, कारण ओरडणारी बाई शांत होते. त्या दिवशी ती हळू आवाजात बोलली. "बाबा, आता एकदा जरी काही झालं ना, तर रविवार बंद. दोघांना बेकरीत पिठाच्या पोत्यांवर बसवीन, पण तुमच्याबरोबर पाठवणार नाही."

आजोबांनी मनाशी हिशोब केला. सोमवार ते शनिवार पोरं शाळेत, मुलगी कामावर, आणि हे एका खोलीत वाळलेल्या ब्रशांशेजारी बसलेले. रविवार गेला तर उरलं काय? त्या रात्री त्यांनी मनाशी गाठ बांधली, की काहीही होवो, आपल्याला दिसत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही. एवढा शहाणपणा करण्यापेक्षा दवाखाना गाठणं सोपं होतं, पण शहाणपण आणि म्हातारपण एकाच दिवशी येतं असं कुणी सांगितलं?

त्यातच तळ्याच्या बागेचे दोन नवे बोर्ड रंगवायचं काम आलं. एक, 'फुलांना हात लावू नये'. दुसरा, 'मुलांना एकटे सोडू नये'. पूर्वी आजोबा मोकळ्या हाताने सरसर लिहायचे. डोळे गेल्यापासून त्यांनी पुठ्ठ्याच्या स्टेन्सिली कापायला सुरुवात केली होती आणि विचारलं तर "आता हीच पद्धत आहे" असं ठोकून द्यायचे. त्यांच्या लक्षात आलं की 'लांना' तर दोन्हीकडे सारखंच. मग एकच 'लांना' कापला, 'फु' आणि 'मु' वेगळे कापले, खिळ्याला अडकवले, आणि वेळ आली तेव्हा बोटांनी चाचपून काढले. खाली उकार लागला हाताला. दोन्हींना उकार होता, हे त्यांना तेव्हा आठवायला हवं होतं.

बोर्ड बागांच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी पत्र्याच्या मागच्या बाजूला सही केली. पुढची बाजू वाचायची पद्धत त्या कचेरीत नव्हती.

पुढच्या रविवारी तळ्याच्या बागेच्या फाटकातच थोरलीने वाचायला घेतलं. "मु... लां... ना... हात... लावू नये."

"फु, बाळ. फुलांना."

"मु आहे, आजोबा."

"अगं, शाळेत काय शिकवतात तुम्हाला? फ आणि म कळत नाही? वर्गात लक्ष देत जा जरा."

"मुलांना हात लावू नये," थोरली ठामपणे म्हणाली. "आणि तो दुसरा, फुलांना एकटे सोडू नये."

आजोबा पत्र्याला नाक लावून उभे राहिले. ऑइलपेंटचा वास आला. आणि सायीतून हळूहळू त्यांना दिसला तो चांगला ठसठशीत, टपोरा, जन्मात जमला नसेल इतका सुबक 'मु'. त्यांची पाचावर धारण बसली. आता चूक झाली म्हणावं, तर कशी झाली ते सांगावं लागणार. दिसलं नाही म्हणावं, तर रविवार गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. नवा नियम आहे."

एवढ्यावर भागलं असतं. पण बागेचा पहारेकरी होता, त्याला पोरं शिट्टीमामा म्हणत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत या गृहस्थाने बोर्डाशिवाय काही वाचलेलं नव्हतं आणि बोर्डावरच्या कशावर शंका घेतली नव्हती. एका बाईने पोराचं नाक पुसायला हात पुढे केला मात्र, कानठळ्या बसवणारी शिट्टी.

"बाई! मुलाला हात लावायचा नाही."

"अहो, माझा आहे तो!"

"बागेत सगळं सरकारी." त्याने बोर्डाकडे बोट केलं. "आणि तो गुलाब एकटा आहे. तुम्ही मोकळ्याच आहात, तिथे बसा."

बाई तोंडात बोट घालून बघत राहिली आणि मग, खोटं वाटेल, पण गुलाबाशेजारी जाऊन बसली. शिट्टी गळ्यात असली की माणसाचं ऐकतात लोक.

दोन-तीन रविवारांत बागेची अशी काही घडी बसली की विचारू नका. फाटकातच शिट्टीमामा वहीत बघून वाटप करायचा. "तुम्ही दोघं शेवंतीला. काका, तुम्ही जास्वंद. दहा मिनिटांनी बदली येईल, तोवर हलायचं नाही." मोठमोठी माणसं वाफ्यांच्या कडेला मांडी घालून बसलेली. कुणी पेपर वाचतंय, कुणी फुलाला वाचून दाखवतंय. पोरांना झोका द्यायचा तर छत्रीच्या टोकाने. घसरगुंडीखाली बाप दोन्ही हात पाठीशी बांधून उभा, आणि वर बघून म्हणतोय, "ये राजा, ये, मी झेलणार नाही, पण घाबरू नकोस!" एका आजीबाईंनी लांब काठीच्या टोकाला रुमाल बांधून नाक पुसायचं यंत्र तयार केलं, तर त्यांच्याकडे रांग लागली. पोरं मात्र जाम खूश. हात धरून ओढणारं कुणी नाही, पाठीत धपाटा घालणारं कुणी नाही. इतर बागा ओस पडल्या आणि सगळी पोरं हट्ट धरून तळ्याच्या बागेत यायला लागली.

गर्दी वाढली तशी बातमी कचेरीत गेली आणि साहेब स्वतः आले. त्यांनी बोर्ड वाचला. दुसरा वाचला. मागे जाऊन सही बघितली. सही त्यांचीच होती. साहेबांनी बराच वेळ विचार केला. मग शिट्टीमामाला म्हणाले, "अंमलबजावणी चोख आहे. असंच चालू द्या." कारण एकदा सही केल्यावर चूक होत नाही, धोरण होतं.

आजोबांना रात्रंदिवस चैन नव्हती. शहरातली शंभरएक माणसं त्यांच्या एका 'मु'पायी वाफ्यांवर बसली होती आणि ते गप्प होते. झाकली मूठ म्हणत होते. मुलगी विचारायची, "तळ्याच्या बागेत काय चाललंय म्हणे?" हे म्हणायचे, "नवं सरकारी खूळ आहे काहीतरी." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग तो रविवार आला. आजोबांना वाटपात कर्दळीचा वाफा मिळाला, तळ्यापासून थोडा लांब. थोरलीने त्या दिवशी लाल फ्रॉक घातला होता. "आजोबा, मी इथेच बसते, गोष्ट सांगा," ती म्हणाली आणि बसली. आजोबांनी गोष्ट सुरू केली. एक राजा होता, त्याला फार मोठं नाक होतं, इतकं मोठं की त्यावर पहारेकरी ठेवावा लागे. समोर लाल फ्रॉक मधूनमधून हलत होता, मान डोलावत होता. इतकी गुणी श्रोती आजोबांना कधी मिळाली नव्हती. एरवी मिनिटाला सात प्रश्न विचारणारी पोर आज चकार शब्द काढत नव्हती. त्यांना भरून आलं. त्यांनी राजाचं लग्न लावलं, राणीला दोन नाकं दिली, आणि मध्येच म्हणाले, "तुला कंटाळा आला का गं, सोन्या?" लाल फ्रॉक वाऱ्यावर हलला. नाही म्हणाला.

नेमके साहेब पाहणीला आले होते. ते थबकले. शिट्टीमामाच्या कानात म्हणाले, "बघा! बाकीचे नुसते बसतात. हा माणूस फुलाची विचारपूस करतोय. याचा सत्कार केला पाहिजे."

आणि आजोबांच्या पाठीमागून थोरलीचा आवाज आला. "आजोबा, तुम्ही कोणाशी बोलताय?"

आजोबांनी समोर बघितलं. लाल फ्रॉक तिथेच होता. त्यांनी मागे वळून बघितलं. तिथेही एक लाल फ्रॉक होता, आणि तो धापा टाकत होता.

"धाकटा तळ्यात चाललाय," ती म्हणाली. "मी हाका मारल्या, ऐकतच नाही."

आजोबा उठले. उठले आणि तिथेच उभे राहिले, कारण तळं कुठे आहे तेच त्यांना दिसेना. सगळीकडे दुधाची साय, त्यात हिरवं, त्यात निळं, आणि त्या निळ्यात कुठेतरी चार वर्षांचं पोर. त्यांनी दोन पावलं टाकली आणि वाफ्याच्या विटेला ठेचकाळून पडले. "पकडा त्याला!" ते ओरडले. "अहो, कुणीतरी पकडा!"

वाफ्यांवरची माणसं अर्धवट उठली आणि शिट्टीमामाकडे बघायला लागली. शिट्टीमामा बोर्डाकडे बघायला लागला. खरं सांगायचं तर त्या क्षणी बागेत बघता न येणारा माणूस एकच होता, पण आंधळे सगळेच होते.

"तो 'फ' आहे हो!" आजोबा जमिनीवरून ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. "बोर्ड चुकलाय! मी चुकवलाय! मला दिसत नाही, दोन वर्षं झाली मला दिसत नाही! माझ्या पोराला हात लावा!"

शिट्टीमामाच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो धावला, बुटांसकट, टोपीसकट, आणि तळ्यात शिरून त्याने कंबरभर पाण्यातून धाकट्याला उचलून घेतलं. कंबर धाकट्याची. शिट्टीमामाच्या ते गुडघ्यापर्यंतही नव्हतं. धाकटा रडला नाही. बेडूक दाखवायचा राहिला म्हणून फक्त चिडला. शिट्टीमामाच मात्र हुंदके देत बाहेर आला, आणि मुलाला हात लावल्याबद्दल वहीत स्वतःचं नाव लिहायला विसरला नाही.

आजोबांनी धाकट्याला पंच्यात गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि पोट भरेपर्यंत रडून घेतलं. कुणी शिट्टी मारली नाही.

साहेब तेवढे हलले नव्हते. "पण सत्काराचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

बोर्ड काही त्यांनी बदलले नाहीत. बदलले असते तर चूक झाली असं झालं असतं. आठवड्याभरात दोन्हींच्या खाली एक तिसरा बोर्ड लागला: 'वरील फलकांत जेथे मुले आहेत तेथे फुले समजावीत व जेथे फुले आहेत तेथे मुले समजावीत.' लोकांनी तो वाचला, डोकं खाजवलं, आणि आपापल्या पोरांचे हात धरले.

घरी सांगायची वेळच आली नाही. मुलगी दारातून आत येते न येते तोच थोरलीने सगळं एका श्वासात वाचून दाखवल्यासारखं सांगितलं, राजाच्या मोठ्या नाकासकट. मुलगी ओरडली नाही. खाली बसली, धाकट्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, आणि हळू आवाजात म्हणाली, "रविवार बंद, बाबा."

"हो," आजोबा म्हणाले.

"हो?"

"मी तुझ्या जागी असतो तरी बंदच केला असता. उद्या दवाखान्यात नेतेस का? पत्रा खरवडून घेऊ."

सहा रविवार पोरं पिठाच्या पोत्यांवर बसली. एक डोळा झाला, मग दुसरा. दुसऱ्याची पट्टी काढायला मुलगी आली ती बेकरीतून तशीच, कामाच्या कपड्यांवर. पट्टी निघाली आणि आजोबांना आधी दिसली खिडकी, मग खिडकीचा गज, गजावरची मुंगी, आणि मग समोर मुलगी.

ते हसले. हात पुढे करून म्हणाले, "अगं, केसांना पीठ लागलंय सगळं." आणि झटकायला लागले. कानशिलापाशी झटकलं, भांगात झटकलं. पीठ निघेना.

"ते पीठ नाही, बाबा," मुलगी म्हणाली.

आजोबांचा हात तसाच तिच्या डोक्यावर राहिला. डोळ्यांखाली काळं झालेलं, गाल आत गेलेले, हातावर भट्टीच्या चटक्यांचे डाग. दोन वर्षं ते या घरात हिच्यासमोर बसून जेवत होते. दोन वर्षं त्यांना तिचा जुना चेहरा दिसत होता, आणि त्यावरूनच ते म्हणत होते, बरी आहे, मजेत आहे. "कधी झालं हे?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू," ती म्हणाली. "डोळे चोळू नका."

पुढच्या रविवारासाठी आजोबांनी बेकरीच्या मालकाला स्वतः जाऊन गाठलं आणि काय सांगितलं कोण जाणे, पण मुलीला एक दिवसाची सुट्टी मिळाली. चौघं तळ्याच्या बागेत गेली. मुलगी म्हणाली, "जरा टेकते, मग झोका देते तुम्हाला." बाकावर टेकली, पाय वर घेतले, आणि पदर तोंडावर ओढून क्षणात गाढ झोपली. पोरं घसरगुंडीकडे पळाली. आजोबा मध्ये उभे राहिले, जिथून घसरगुंडीही दिसत होती आणि बाकही. सगळं लख्ख दिसत होतं. धाकट्याच्या नाकावरचा तीळ दिसत होता. तीळ आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

शिट्टीमामा आला. बाकाकडे बघितलं, शिट्टी ओठांना लावली.

"शूऽऽ!" आजोबा म्हणाले.

"काका, बाकावर झोपायचं नाही. हा काय बोर्ड." बोर्ड बाकाच्या डोक्यावरच होता, पिवळ्यावर काळा, हातभर उंचीच्या अक्षरांत. "आणि तुमच्याच हातचा आहे की. वाचा."

आजोबांनी मान वर केली. स्वच्छ दिसत होतं, पूर्णविरामासकट. 'झो'चा काना जरा तिरका आला होता, तेसुद्धा दिसत होतं. त्यांनी डोळे बारीक केले, बोर्डाच्या दिशेने हात चाचपडत पुढे नेला, आणि लांब सुस्कारा सोडला.

"काय आहे ना," ते म्हणाले, "मला दिसत नाही हो."